काकू, दुसऱ्याच्या फोनमधला व्हिडिओ डिलीट करता येतो का?

संपादक साहेब, नमस्कार.

माझं धनकवडीत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे, चौदा वर्षं झाली. अकरावीचे फॉर्म, सीईटीचे फॉर्म, महाडीबीटीची स्कॉलरशिप, उत्पन्नाचे दाखले, पीव्हीसी आधार, प्रोजेक्टचं स्पायरल, हे माझं रोजचं काम. आजूबाजूला शाळा, क्लास, पुढे कात्रजकडे कॉलेजं आणि होस्टेलं, त्यामुळे दिवसभर पोरंच असतात दुकानात. तुमचा पेपर मी सकाळी गर्दी व्हायच्या आधी वाचते. हल्ली त्यात मुलांना सोशल मीडिया बंद करावा का यावर बरंच येतंय, ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांची अकाउंटच बंद केली, मग आपल्याकडे का नको, असं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही तेच चालू आहे. मला त्या चर्चेत एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये असं वाटतं म्हणून हे पत्र लिहितेय. माझं नाव छापू नका ही विनंती, कारण नाव छापलं की दुकान कळतं आणि दुकान कळलं की मुलं कोण ते कळतं. मुलांची ओळख पटेल असे बारकावे मी बदललेत.

मागच्या पावसाळ्यात नववीतला एक मुलगा आला. हातात कागद नाही, पेनड्राइव्ह नाही. तीन गिऱ्हाइकं गेली तरी तो तिथेच उभा, लॅमिनेशनच्या मशीनकडे बघत. मी विचारलं काय रे काढायचंय, तर म्हणाला काही नाही. मग दुकान रिकामं झाल्यावर एकदम हळू आवाजात विचारलं, काकू, दुसऱ्याच्या फोनमधला व्हिडिओ आपल्याला डिलीट करता येतो का?

मला तेव्हाच समजलं, कारण तो पहिला नव्हता. त्याच्या आधी दोन कॉलेजची मुलं आणि एक क्लासला जाणारी मुलगी थोड्याफार फरकाने हाच प्रश्न घेऊन येऊन गेली होती. या मुलाची गोष्ट अशी की गेम खेळताना चॅटमधे एक "मुलगी" ओळखीची झाली, आठवडाभर गेमचंच बोलणं, मग इन्स्टावर ये म्हणाली, मग व्हॉट्सअॅपचा नंबर, मग एका रात्री व्हिडिओ कॉल. समोरून जे दिसत होतं ते आधीच रेकॉर्ड केलेलं होतं आणि इकडचा सगळा कॉल रेकॉर्ड होत होता हे त्याला नंतर कळलं. दहा मिनिटांत त्याच्या फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट आला, ही तुझी मावशी ना, हा तुझ्या क्लासचा ग्रुप ना, पाच हजार पाठव नाहीतर सगळ्यांना जाईल. त्याने आईच्या फोनवरून पंधराशे पाठवले, पिन त्याला माहीत होता. दोन दिवसांनी परत मागितले, गणपतीत मिळालेले सातशे साठवलेले होते ते मित्राच्या फोनवरून पाठवले. तिसऱ्यांदा मागितल्यावर द्यायला काही उरलं नाही म्हणून तो माझ्याकडे आला. बारा दिवस हे चालू होतं. बारा दिवस तो शाळेत जात होता, डबा खात होता, घरात कुणाला पत्ता नाही.

मी त्याला विचारलं, अरे आईला का नाही सांगितलंस? तर म्हणाला, बाबा फोन फोडतील आणि शाळा बंद करतील.

संपादक साहेब, मला सगळं पत्र खरं तर या एका वाक्यासाठी लिहायचंय. त्या समोरच्या माणसाने या पोराला धमकी काय दिली, तर घरच्यांना सांगेन. म्हणजे पोरगं आपल्याला जितकं घाबरेल तितका त्याचा धंदा चालतो. तो माणूस कुठल्या गावात बसलाय माहीत नाही, पण त्याला आपल्या घरातला राग पक्का माहीत आहे आणि तो त्याचेच पैसे वसूल करतो. आपण घरात जेवताना पेपरातली अशी बातमी वाचून म्हणतो ना, "असली कार्टी, यांना फोनच द्यायला नको, चांगले फटके दिले पाहिजेत", ते शेजारी बसलेलं पोरगं ऐकत असतं. ते मनाशी ठरवून टाकतं की आपल्याबाबतीत असं काही झालं तर या घरात सांगायचं नाही. मी स्वतः असं बोललेली आहे माझ्या मुलासमोर, आणि या मुलाची गोष्ट ऐकली त्या रात्री मी घरी जाऊन त्याला सांगितलं की बाळा मी ते चुकीचं बोलले होते, तुझ्याकडून काहीही झालं, अगदी काहीही, तरी आधी मला सांग, फोन काढून घेणार नाही आणि हात उचलणार नाही. तो जरा गोंधळला, मग म्हणाला काय झालं एकदम? पण ऐकून घेतलं त्याने.

तर त्या मुलाचं. मी त्याला बसवलं, चहा दिला, पहिलं सांगितलं की आता एक रुपया पाठवायचा नाही. पैसे दिल्यावर माणूस थांबला असं मी अजून एकदाही पाहिलेलं नाही, उलट हा देतो म्हटल्यावर आकडा वाढतो. दुसरं, चॅट डिलीट करायचं नाही. मुलं घाबरून आधी सगळं उडवून टाकतात, अकाउंट बंद करतात, आणि मग पोलिसांना दाखवायला काही उरत नाही. धमकीचे मेसेज, त्या प्रोफाइलचं युजरनेम आणि लिंक, ज्या यूपीआय आयडीवर पैसे गेले तो आणि त्या व्यवहाराचा यूटीआर नंबर, हे सगळं जपून ठेवायचं, मग ब्लॉक करायचं. मेसेज आपोआप उडणारे असतील तर दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो घ्यायचा. पण एक लक्षात ठेवा, मुलाचा तो नको असलेला फोटो किंवा व्हिडिओ पुरावा म्हणून काकाला, मामाला, शाळेच्या ग्रुपला अजिबात फॉरवर्ड करायचा नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाचं असं काही पुढे पाठवणं हाच आयटी अॅक्टच्या ६७ बी कलमाखाली गुन्हा आहे, पहिल्या वेळेलाच पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. सप्टेंबर २०२४ मधे सुप्रीम कोर्टाने असं काही फोनमधे बाळगण्याबद्दलही कडक निकाल दिलाय. चांगल्या हेतूने पाठवणारे नातेवाईक मी पाहिलेत म्हणून मुद्दाम लिहितेय.

आणि मग त्याच्या आईला फोन केला. त्याच्यासमोर, त्याला विचारून. त्याने बराच वेळ नाही म्हटलं, शेवटी म्हणाला तुम्हीच बोला. माऊली एका ऑफिसात कामाला आहे, अर्ध्या तासात रिक्षाने आली, मी सगळं सांगितलं तोपर्यंत तो भिंतीकडे तोंड करून उभा. मला धाकधूक होती की आता ही काय करते. ती काही वेळ काहीच बोलली नाही आणि मग त्याला म्हणाली, दुपारी जेवलास का तू? तेव्हा तो रडला, बारा दिवसांत पहिल्यांदा.

पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन करायचा असतो, जितक्या लवकर फोन तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवता यायची शक्यता जास्त, आमच्या केसमधे फार उशीर झाला होता. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, ते २०१९ पासून आहे, आणि बायका-मुलांच्या बाबतीतली तक्रार तिथे नाव न देताही करता येते. ज्यांना नाव उघड करायची भीती वाटते त्यांच्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे आणि माझ्या दुकानात येणाऱ्या दहातल्या नऊ पालकांना ते माहीत नसतं. तिसरं म्हणजे टेक इट डाउन. अमेरिकेतली एक संस्था २०२३ पासून ही मोफत सेवा चालवते, अठराच्या आत काढलेल्या फोटो-व्हिडिओसाठी. त्यात आपला फोटो कुणाला पाठवावा लागत नाही, तो आपल्याच फोनमधे राहतो, त्याचा फक्त एक डिजिटल ठसा तयार होतो, आणि त्या ठशावरून फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सामील झालेल्या कंपन्या तो फोटो त्यांच्याकडे कुणी टाकला तर ओळखून काढतात. त्या मुलाच्या प्रश्नाचं सगळ्यात जवळचं उत्तर हेच होतं. दुसऱ्याच्या फोनमधून त्याने डिलीट होत नाही आणि एन्क्रिप्टेड, म्हणजे बाहेरच्या कुणाला वाचता न येणाऱ्या, चॅटमधे ते चालत नाही, हेही मी त्याला स्पष्ट सांगितलं, खोटा धीर दिला नाही. अठरा पूर्ण झालेल्यांसाठी स्टॉप एनसीआयआय नावाची तशीच सोय आहे.

पोलिसांचं मात्र लिहायलाच हवं. पहिल्या ठिकाणी आईवडील गेले तर तिथल्या एका कर्मचाऱ्याने चार लोकांसमोर विचारलं, एवढ्याशा पोराला फोन दिलाच कशाला? मुलगा शेजारी उभा होता. वडील तिथून तसेच परत आले. मग दोन दिवसांनी दुसऱ्या एका अधिकाऱ्याने खुर्ची दिली, नीट ऐकून घेतलं, मुलाला म्हणाला तू काही गुन्हा केलेला नाहीस, आणि तक्रार घेतली. एकाच शहरात, एकाच आठवड्यात हे दोन अनुभव. लोकांना माहीत असू दे की शिवाजीनगरला सायबर पोलीस ठाणं असलं तरी गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे लिहिलेलं आहे. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, मुलग्यांनाही तितकाच लागू आहे, तो फक्त मुलींसाठी आहे असा फार मोठा गैरसमज आहे. आणि त्याच कायद्यात असंही आहे की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. हे पालकांनी पोलिसांना न घाबरता सांगावं.

मुलींचं वेगळंच असतं. त्यांनी काहीच केलेलं नसतं, साधा डीपी असतो, गॅदरिंगचा नऊवारीतला फोटो असतो, तो उचलून एखाद्या अॅपवर टाकून नको तसा बनवला जातो, आणि बनवणारा बऱ्याचदा वर्गातलाच असतो. क्लासची एक मुलगी आली होती, तिला फोटो कुणी बनवला ते माहीत होतं, तिचं दुःख ते नव्हतंच. ती म्हणाली काकू, ग्रुपमधे बत्तीस जणं आहेत, बत्तीस जणांनी पाहिला आणि एकानेही मला सांगितलं नाही, मला चौथ्या दिवशी कळलं. माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. फोटो खोटा असला तरी ६७ बी लागतो, चेहरा मुलीचा आहे एवढं पुरतं, आणि नुसतं फॉरवर्ड केलं हे कारण तिथे चालत नाही, हे त्या मुलांच्या आयांना कुणीतरी सांगायला हवं. मुलं लहान असल्यामुळे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, पण जातं.

कॉलेजच्या पोरांचं सांगते, कारण "लहान मुलं" म्हणताना आपण अठरा-वीसवाल्यांना सोडूनच देतो. होस्टेलला राहणारी, बाहेरगावची, महिन्याचे पैसे मोजून येणारी. त्यांना टेलिग्रामवर मेसेज येतो की तुझं बँक अकाउंट महिनाभर वापरायला दे, पाच हजार मिळतील, एटीएम कार्ड आणि सिम द्यायचं फक्त. कुणीतरी सीनियर मित्रच आणतो हे काम. पोराला वाटतं आपण काय चोरी केली, नुसतं खातं दिलं. त्या खात्यात कुणाच्या तरी आजोबांना फसवलेले पैसे येतात आणि पुढे जातात, मग खातं फ्रीज होतं आणि दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांचा फोन येतो. गेल्या वर्षभरात स्टेटमेंटच्या प्रिंट काढायला अशी चार पोरं आली माझ्याकडे, एकाची तर स्कॉलरशिप त्याच खात्यात अडकलेली. त्याची आई गावाहून एसटीने आली, तिला यूपीआय म्हणजे काय हेही माहीत नव्हतं आणि तिच्या मुलाला नोटीस आलेली. अॅडमिशनच्या वेळी कॉलेजं अँटी रॅगिंगचं हमीपत्र सही करून घेतात, मीच प्रिंट काढून देते, त्याच वेळी बँक खातं कुणाला भाड्याने देऊ नका हे पाच मिनिटं समजावून सांगायला काय हरकत आहे.

आता बंदीचं. मी बंदीच्या विरोधात नाही, पण मी रोज काय बघते ते सांगते. मुलांची इन्स्टा अकाउंट उघडून द्यायला कधी कधी मलाच सांगतात, मी देत नाही, पण त्यांनी स्वतः उघडलेलं असतं त्यात जन्मसाल २००० टाकलेलं असतं. इन्स्टाने फेब्रुवारी २०२५ मधे भारतात टीन अकाउंट आणलं, त्यात अनोळखी माणूस मुलाला मेसेज टाकू शकत नाही, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन बंद राहतं, आणि सोळाच्या आतल्यांना हे बदलायचं तर पालकांची परवानगी लागते, चांगली सोय आहे. पण जन्मसालच खोटं असेल तर ती लागूच होत नाही, मुलगा पंचवीस-सव्वीस वर्षांचा धरला जातो. म्हणून आधी मुलाशेजारी बसून, ओरडाआरडा न करता, जन्मतारीख बघा. आणि शाळांनाही विनंती आहे, २०२० च्या लॉकडाऊनपासून गृहपाठ व्हॉट्सअॅपवर यायला लागला तो अजून रात्री नऊला येतोच, मग संध्याकाळी मुलाकडून फोन काढून घ्या असं पालकसभेत सांगून कसं चालेल?

ऑक्टोबर २०२५ मधे मुंबईत पोलिसांच्या सायबर जागृतीच्या कार्यक्रमात अक्षय कुमारने जाहीरपणे सांगितलं होतं की त्याची मुलगी ऑनलाइन गेम खेळत असताना समोरच्याने तिच्याकडे नको तसा फोटो मागितला, तिने लगेच गेम बंद केला आणि आईला जाऊन सांगितलं. मुख्यमंत्री तिथे होते, त्यांच्याकडे त्याने सातवी ते दहावीला आठवड्यातून एक सायबरचा तास ठेवायची मागणी केली. मागणीची बातमी सगळ्यांनी वाचली, पण मला त्यातलं "आईला जाऊन सांगितलं" हे जास्त मोठं वाटलं, तेवढ्याने ती सुटली. तास जरूर ठेवा. पण वर्षातून एकदा सहाशे मुलांना हॉलमधे सतरंजीवर बसवून स्लाइड दाखवतात तसं नको, त्या हॉलमधे हात वर करून कोण विचारणार? प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी असा सरकारचा आदेश २०२२ पासून आहे, तक्रारपेटी असायला हवी. आपल्या मुलाच्या शाळेतल्या समितीत कोण आहेत हे किती पालकांना सांगता येईल? मला माझ्या मुलाच्या शाळेतलं सांगता आलं नाही, मी जाऊन विचारून आले. मुलांना एकच माणूस माहीत हवा, एक बाई किंवा एक सर, ज्यांच्याकडे मधल्या सुट्टीत जाता येईल आणि जे आधी ऐकून घेतील. माझ्याकडे मुलं का येतात याचा मी खूप विचार केला, मला कॉम्प्युटरचं फार ज्ञान आहे असं नाही, बारावी झालेली आहे मी. ती येतात कारण मी त्यांची कुणी लागत नाही, आणि मी शाळेला कळवणार नाही असं त्यांना वाटतं. झेरॉक्सच्या दुकानात हे सांगायला यावं लागतं याचं मला वाईट वाटतं.

शेवटी तुमच्या पेपराकडे दोन मागण्या आहेत, रागावू नका. पहिली, अशा बातम्यांमधे "धनकवडीतील नामांकित शाळेतील नववीचा विद्यार्थी" असं लिहू नका. पोक्सोच्या २३ व्या कलमात मुलाची शाळा, घर, शेजार, काहीही कळेल असं छापायला मनाई आहे, नाव नाही छापलं म्हणजे झालं असं नसतं, आमच्यासारख्या भागात एवढ्यावरून दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं. दुसरी, तुम्ही सोन्याचा भाव रोज छापता, धरणसाठा छापता, तशी एक छोटी चौकट रोज छापा. सायबर फसवणूक १९३०, मुलांसाठी मदत १०९८, आणि मन फार खचलं असेल, जीव नकोसा वाटत असेल तर टेली मानस १४४१६, हा चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं. एवढंच. बातमी नसेल त्या दिवशीही छापा. मी माझ्या काउंटरवर काचेखाली हे तीन नंबर मोठ्या अक्षरात टाइप करून ठेवलेत. पोरं झेरॉक्सची वाट बघताना वाचतात, एक-दोघांनी मोबाइलने फोटो काढलेला मी पाहिला, कशाला ते मी विचारलं नाही.

तो मुलगा आता दहावीत आहे. त्याचा व्हिडिओ कुणाला गेला असं आजपर्यंत तरी कानावर आलेलं नाही, पण अनोळखी नंबरवरून फोन आला की अजून दचकतो असं त्याची आई म्हणाली. फोन त्याच्याकडेच आहे, वडिलांनी फोडला नाही. परवा विज्ञानाच्या जर्नलची कव्हरं घ्यायला आला होता, सोबत धाकटी बहीण होती. जाताना तिला काचेखालचे नंबर वाचून दाखवत होता.

आपली एक नियमित वाचक,
धनकवडी, पुणे